बांगड्यांचा आहेर, आणि बाकीचं बरंच काही

तिखटमीठ

गेल्या महिन्यात माहेरी होते तेव्हा तालुक्याला पाण्यासाठी मोर्चा निघाला. मागणी अगदी रास्त. टँकर येतो तो कधीही येतो, अर्धा रिकामा येतो आणि पहिल्या दोन आळ्यांतच संपतो. मोर्चात बायका जास्त, साहजिकच, कारण पाणी भरतं कोण? कार्यालयात पोचल्यावर चौघीजणी पुढे झाल्या आणि साहेबांच्या टेबलावर स्टीलचं ताट ठेवलं. ताटात हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या, खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. "जमत नसंल तर ह्या भरा आन् घरी बसा." टाळ्या, शिट्ट्या, मोबाइलवर व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा अर्थातच 'बांगड्यांचा आहेर'.

ताट पुढे करणाऱ्या बाईच्या हातात तसल्याच बांगड्या होत्या, हंड्याच्या काठावर आपटू नयेत म्हणून कोपराकडे सारलेल्या. ती काही घरी बसलेली नव्हती. उन्हातून चालत आली होती, अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. तरी तिच्या लेखी निकामी माणसाची खूण म्हणजे तिच्याच हातातला दागिना.

राजकारणात हे सगळ्याच पक्षांचं लाडकं हत्यार आहे, म्हणून कृपया पक्षांवर घसरू नका. 'आम्ही काय बांगड्या भरलेल्या नाहीत' हे वाक्य विधानभवनापासून गल्लीतल्या मंडळाच्या भांडणापर्यंत ऐकू येतं, आणि बोलणाऱ्यांत बायकाही असतात. आता ह्याच बांगड्या सवाष्णीने काढून ठेवल्या तर घरात गहजब. नवरा गेला की त्याच फोडायच्या. पुरुषाला दिल्या तर अपमान, सवाष्णीवर सक्ती, आणि विधवेच्या हातून काढून घेतल्या की शिक्षा. वस्तू एवढी कमीपणाची असेल तर ती काढून घेणं शिक्षा कशी ठरते, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

मला म्हणायचंय ते असं. आपल्याकडे मुलींना गेल्या चाळीसेक वर्षांत पुष्कळ मोकळीक मिळाली, पण ती मुख्यतः बाईपणातून बाहेर पडण्याची. पँट घाल, गाडी चालव, कराटे शिक, इंजिनियर हो. उत्तमच झालं. पण उलट दिशेची वाहतूक जवळपास बंद आहे. 'आमची पोरगी अगदी पोरासारखी वाढवलीय' असं छाती फुगवून सांगणारे बाप पन्नास भेटतील. 'आमचा पोरगा पोरीसारखा वाढवलाय' म्हणणारा एक दाखवा. म्हणजे जे पुरुषी ते वरचं आणि जे बायकी ते खालचं, ही उतरंड जागच्या जागी आहे. आपण फक्त काही मुलींना वर यायची परवानगी दिली.

आणि वर आलेल्या मुलींना मग खाली बघून नाक मुरडायची सवय लागते. 'मला बाई बायकांच्या ग्रुपमध्ये बोअर होतं, माझे सगळे मित्रच आहेत' हे कौतुकाने सांगतात. नेलपेंट लावणारी बिनडोक, स्वयंपाकात रमणारी मागासलेली. तेंडुलकरच्या प्रत्येक शतकाचा तपशील सांगणारा तो दर्दी, आणि पदराला नुसता हात लावून इरकल कुठली, नारायणपेठ कुठली, सूत किती आणि रेशीम किती हे सांगणारी बाई उथळ? आमच्या मावशीला हे यायचं. तिला कुणी जाणकार म्हटलं नाही, 'साड्यांचं वेड आहे' म्हटलं. मालिका बघा. ठसठशीत टिकली, काजळ, मोठे झुमके, लिपस्टिक दिसली की समजायचं, ही कारस्थान करणार. नायिका मात्र सोज्वळ, तिने आरशात पाहिलेलंही चालत नाही.

तुमचं काय म्हणणं? 'बायकाच बायकांच्या शत्रू' हे सोडून काहीही चालेल.

चकली

पहिली! धागा आवडला. साड्यांच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

घाटमाथा

थोडक्यात काय, बाईच बाईची वैरी. एवढं मोठं लिहायची गरज नव्हती. (हलकेच घ्या.)

तिखटमीठ

@घाटमाथा, शेवटची ओळ वाचूनच लिहिलंत ना? अपेक्षित होतं. 😀

शिरोळचा_पावणा

ताई, बांगड्यांचा विषय काढला म्हणून लिहितोय, एरवी मी नुसताच वाचणारा. हेरवाड आमच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीपण हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून सांगितलं. टीव्हीवाले आले, फोटो झाले.

पण हे करतं कोण ते शहरातल्या लोकांना ठाऊक नसतं. भटजी न्हाई, सासरा न्हाई. पुरुष माणसं बाहेर तिरडीच्या नादात असतात. आत बायका असतात, आणि पुढं होऊन हात धरणारी बहुतेक वेळा आधीच विधवा झालेली. माझ्या चुलतीच्या वेळी मी दारात उभा होतो, पोरगाच होतो. जोत्याच्या दगडावर मनगट धरलं आणि वरनं दुसरा दगड. काच रुतली, रक्त आलं. जिनं हे केलं ती म्हातारी चुलतीच्या गळ्यात पडून सगळ्यात मोठ्यानं रडत होती. खरं रडत होती, नाटक न्हवतं. तिला वैरीण म्हणायचं काय? मला तरी म्हणवत नाही.

आता बऱ्याच घरांत फोडत नाहीत. टिकली पण लावतात. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विचारा कोण बोलावतं ते. तिथं ठरावही पोचला नाही आणि परिपत्रकही.

चकली

@शिरोळचा_पावणा, वाचून अंगावर आलं. तुम्ही लिहीत जा हो.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाचं 'तिळगूळ संमेलन' केलं, सगळ्याजणींना बोलावणं. यायला तयार नव्हत्या त्या विधवा बायकाच. "कशाला उगीच दुसऱ्याच्या संसाराला नजर" म्हणे. सुशिक्षित, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई हे बोलतात. त्यांना कुणी अडवलं नव्हतं, त्या स्वतःच स्वतःला अपशकुनी समजतात. समजावून समजावून घसा बसला.

पोटभाडेकरू

'बाईच बाईची वैरी'वर जरा विस्ताराने लिहितो, कारण दर धाग्यात हे वाक्य येतं आणि चर्चा संपते.

देनिझ कांदियोती नावाच्या तुर्की अभ्यासक बाईंनी १९८८ साली एक निबंध लिहिला, पितृसत्तेशी बायका कोणत्या वाटाघाटी करतात ह्यावर. उत्तर आफ्रिकेपासून भारत-चीनपर्यंतच्या एकत्र कुटुंबाचं त्यांनी केलेलं वर्णन वाचताना आपलंच घर समोर येतं. मुलगी लग्न होऊन परक्या घरी येते, तिथे तिच्या हाती काही नाही. मुलगा झाला की थोडं वजन येतं. मुलाचं लग्न झालं की पहिल्यांदा तिच्या हाताखाली कुणीतरी येतं. म्हणजे तरुणपणी सोसायचं आणि म्हातारपणी वसूल करायचं. अशा व्यवस्थेत सासूने सुनेला मोकळीक द्यायची म्हणजे जन्मभराची जमा सोडून द्यायची. ती स्वभावाने दुष्ट असायची गरजच नाही, हिशेबच तसा मांडलेला आहे. मुलगा बायकोचं ऐकायला लागला की सगळ्यात जास्त घाबरते ती आईच, कारण तिचा एकुलता एक आधार तोच.

रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, त्यातही हेच दिसतं. न्यायमूर्ती लग्नानंतर त्यांना शिकवायला लागले, आधी मराठी, मग इंग्रजी. टोमणे, अबोला, छळ हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून. न्यायमूर्तींना तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळा राग त्या पोरीवर. पुरुषाचा निर्णय, पण भांडण बायका-बायकांचं. घरोघरी आजही हीच पद्धत.

आकडेमोड

घाटमाथा साहेबांसाठी थोडे आकडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी, २०१९ ते २१) सात कारणं देऊन विचारतात, ह्यापैकी कशासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्यावर संशय आहे, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. किमान एका कारणासाठी 'योग्य' म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के, पुरुष ४४ टक्के. बायकांनी सगळ्यात जास्त निवडलेलं कारण सासू-सासऱ्यांचा मान. पोटभाडेकरू म्हणतात तो हिशेब इथे आकड्यात दिसतो.

दुसरं एक संशोधन ह्या विषयावर कायम सांगितलं जातं. १९६८ साली अमेरिकेत फिलिप गोल्डबर्गने महाविद्यालयीन मुलींना काही लेख वाचायला दिले. लेख तेच, पण अर्ध्या प्रतींवर लेखक जॉन मॅके आणि अर्ध्यांवर जोन मॅके. मुलींनी जॉनचे लेख जास्त चांगले ठरवले. आहारशास्त्र किंवा प्राथमिक शिक्षण अशा तेव्हा बायकांच्या समजल्या जाणाऱ्या विषयांतही त्यांनी जोनला झुकतं माप दिलं नाही.

पण थांबा, इथेच सगळे थांबतात. पुढे तसे शंभराच्या वर प्रयोग झाले आणि १९८९ मध्ये जॅनेट स्विम आणि सहकाऱ्यांनी ते सगळे एकत्र तपासले. सरासरी फरक अगदी नगण्य निघाला. म्हणजे नुसतं बाईचं नाव दिसलं की बायका सरसकट कमी लेखतात, असं म्हणता येत नाही. संदर्भ पाहून पूर्वग्रह जागा होतो. म्हणून जोन मॅकेची गोष्ट भाषणात वापरणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

घाटमाथा

बरं, वैरी हा शब्द मागे घेतो. पण ४५ आणि ४४ म्हणजे बायका एका टक्क्याने पुढेच की!

आकडेमोड

ज्याला मार बसायचा नाही त्याने 'योग्य' म्हणणं आणि जिला बसायचा आहे तिने म्हणणं, ह्यात तुम्हाला एका टक्क्याचाच फरक दिसतो?

ब्रदर_नागपूर

मी पुरुष परिचारक आहे, म्हणजे स्टाफ नर्स. हॉस्पिटलमध्ये आम्हाला 'ब्रदर' म्हणतात. लेखिकाताईंनी उलट्या दिशेची वाहतूक म्हटलं, तर मी त्या दिशेनं गेलेला माणूस आहे बघा.

जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) ॲडमिशन घेतली तेव्हा बाबा नातेवाइकांना सांगत, 'मेडिकल लाइनला आहे'. लग्नासाठी मुली पाहताना तर पत्रिकेच्या कागदावर 'हॉस्पिटल प्रशासन' लिहिलं होतं, मला न विचारता. वॉर्डात गेलो की नातेवाईक एकतर डॉक्टर समजतात नाहीतर वॉर्डबॉय. 'नर्स आहे' म्हटलं की चेहरा पडतो. सगळ्यात गंमत म्हणजे, माझ्याबरोबरच्या सिस्टर सलाइन लावतात, ड्रेसिंग करतात, रात्रभर जागतात, त्यांना सगळे म्हणतात, 'बाईमाणसाचा हात मऊ, उपजतच असतं'. मी तेच केलं तर 'किती शिकलाय पोरगा!' काम तेच. तिचं असलं की उपजत आणि माझं असलं की कौशल्य. पगारवाढ मागायला गेलं की उपजत गुणाला कोण पैसे देणार?

पहिल्या वर्षी आमच्याच वर्गातल्या मुली आम्हा पोरांना 'बायल्या' म्हणून चिडवायच्या. आता मैत्रिणी आहेत, पण तेव्हा त्यांनाही वाटायचं की पोरगा असून ह्यानं हे का निवडलं. स्वतः तेच निवडलं होतं की त्यांनी!

चकली

@ब्रदर_नागपूर, 'उपजत' आणि 'कौशल्य' जबरदस्त! अंगणवाडी सेविकांचं हेच. लहान मुलं सांभाळणं म्हणजे काय काम का, म्हणून पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आकडेमोड

पुस्ती जोडतो. अमेरिकेच्या १९५० ते २००० च्या जनगणनेवर लेव्हनॉन, इंग्लंड आणि ॲलिसन ह्यांनी २००९ मध्ये केलेला अभ्यास आहे. एखाद्या व्यवसायात बायकांचं प्रमाण वाढलं की पुढे त्या व्यवसायाचा पगार घसरतो, शिक्षण वगैरे जमेस धरूनही. पगार कमी म्हणून बायका तिकडे जातात, ह्यापेक्षा बायका गेल्या म्हणून पगार कमी, ह्याला जास्त पुरावा सापडला.

आणि आपल्याकडे २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांचे ९७. न करणारे पुरुष त्या सरासरीत धरलेलेच नाहीत, हे लक्षात घ्या.

संगीतखुर्ची

एक वेगळा मुद्दा. आपल्याकडे बायकीपणा सरसकट तुच्छ नव्हता, तो पुरुषाने उत्तम साकारला तर त्याला डोक्यावर घेतलं. बालगंधर्व घ्या. त्यांची साडीची नेसण, केसांची ठेवण, गजरा माळायची ढब पाहून घरंदाज बायका तसं करायच्या. बाईने बाईसारखं कसं दिसावं हे एका पुरुषाकडून शिकायचं! त्याच काळात रंगभूमीवर उभ्या राहणाऱ्या बाईकडे मात्र समाज वाकड्या नजरेने बघायचा. हिराबाई बडोदेकरांसारख्या मोजक्याजणींनी ते अंगावर घेतलं. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर ह्या नाटक कंपनीने 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्नाबाई भोळ्यांना उभं केलं, ती तेव्हा मोठीच गोष्ट होती.

पण ह्याला दुसरी बाजू आहे. संगीत नाटकातला स्त्रीपार्टी पूजनीय, आणि तमाशातला नाच्या मात्र टिंगलीचा विषय. सिनेमात नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांचं 'आत्ता गं बया' लोकांनी हसून हसून ऐकलं, आणि त्या माणसाकडे पडद्याबाहेरही त्याच नजरेने पाहिलं. भरजरी शालूतलं बाईपण चालतं, कारण त्याची आरती करता येते. ठुमकणारं, टाळी देणारं चालत नाही. जातीचा आणि वर्गाचा वास येतो ह्याला, कुणी बोलत नाही एवढंच.

स्वयंपाकाचंही तेच बघा. घरी बायको, लग्नात आचारी, हॉटेलात शेफ. पैसे आणि टोपी आली की पुरुष हजर.

मूकवाचक

'आरती करता येते' ❤️. वाचनखूण साठवली आहे.

जुनी_पेठ

मी वयाने ह्या धाग्यावरच्या बहुतेकांपेक्षा मोठी असेन. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' गावोगावी होत होतं, तेव्हा मी कॉलेजात. आमच्यातल्या पुष्कळजणींनी मंगळसूत्र घातलं नाही, टिकली सोडली, बांगड्या सोडल्या. तिखटमीठ, तुमच्या लेखाचा रोख असा वाटला की बाईपणाच्या वस्तू नाकारणं म्हणजे बाईपणाला कमी लेखणं. तसं सरळ म्हणता येणार नाही. आमचं भांडण बांगडीशी नव्हतं. नवरा असेल तरच बांगडी, ह्या अटीशी होतं. पुरुषाच्या अंगावर लग्नाची एकही खूण नाही, मग आमच्या गळ्यात, पायात, कपाळावर, भांगात का?

हे खरं की पुढे पुढे सुती साडी आणि मोकळं कपाळ ह्याचाच गणवेश झाला. शिबिराला कुणी लिपस्टिक लावून आली तर 'ही कितपत टिकेल' अशी कुजबुज व्हायची. आणि गंमत अशी की कामगार वस्तीतल्या, शेतमजूर बायका नटूनथटून यायच्या. त्यांना वर्षात मोकळा मिळणारा तो एक दिवस, त्या का नाही नटणार? मोर्चात सगळ्यात खणखणीत घोषणाही त्यांच्याच.

तिखटमीठ

@जुनी_पेठ, सक्ती नाकारणं आणि तुच्छ लेखणं हे वेगळंच, मान्य. माझा आक्षेप दुसऱ्याला आहे. कालच एका ओळखीच्या मुलीची पोस्ट वाचली, 'मी टिपिकल बायकांसारखी हळदीकुंकू करत बसत नाही, ट्रेकला जाते'. ट्रेकला जा की बाई! पण ट्रेकचं मोठेपण सांगायला हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका कशाला खाली ओढायच्या? सगळा जोर 'टिपिकल बायका' ह्या दोन शब्दांवर. ज्युलिया सेरानो ह्या अमेरिकन लेखिकेने २००७ साली नेमकं हेच मांडलं होतं. त्या स्वतः पारलिंगी आहेत. स्त्रियांना कमी लेखणं आणि स्त्रैण गोष्टींना कमी लेखणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीविरुद्ध बोलणारे दुसरी सर्रास करतात, असं त्यांचं म्हणणं. पारलिंगी बाईची टर सगळ्यात जास्त का उडते, तर 'पुरुषपण मिळालेलं असून ते सोडलं' हे लोकांना समजतच नाही.

कोयता_मुकादम

(आयडीवर जाऊ नका, मी मुकादम नाही. बीडचा आहे, शिक्षक आहे.)

नटणं, टिकली, ट्रेक सगळं ठीक. आमच्याकडची गोष्ट ऐका. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला म्हणतात एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, जोडीवर. एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड लावतो. बाई पहाटे तीनला उठून भाकरी करणार, फडात मोळ्या वाहणार, ट्रॅक्टर भरणार. फडात संडास नाही, पाणी नाही. पाळी आली की काय करायचं? २०१९ मध्ये बातम्या आल्या की आमच्या जिल्ह्यात तरुण वयात गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका शेकड्यांनी नाही, हजारांनी आहेत. सरकारने समिती नेमली.

माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया आहेत त्यात. तिशीच्या आतल्या. एकीला विचारलं, तर म्हणाली, "कटकट गेली, सर." कामाचा साचा असा की त्यात बाईचं शरीर बसत नाही, मग साचा बदलायच्या ऐवजी शरीरच कापायचं, आणि त्याला तीच कटकट म्हणते. डॉक्टरनं भीती घातली, कर्जानं जोर लावला, पण बोलताना शब्द तिचाच.

चकली

ह्यावर काय लिहावं कळत नाही.

एचआर_काकू

कोयता सरांचा प्रतिसाद वाचून मासिक पाळीच्या रजेचा विषय काढावासा वाटतोय, कारण माझ्या कामातला आहे. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना महिन्याला दोन दिवस विशेष रजा आहे. केरळने २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या मुलींना हजेरीत सूट दिली. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यसभेत तेव्हाच्या महिला-बालविकास मंत्री स्मृती इराणी म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नाही, सरसकट पगारी रजा नको.

आमच्या कंपनीत ह्यावर मत घेतलं तेव्हा सगळ्यात कडाडून विरोध वरच्या पदावरच्या बायकांचा. "आम्ही नाही का काढली पंचवीस वर्षं पेनकिलर खाऊन?" पुरुष मॅनेजर गप्प, किंवा 'हरकत नाही' म्हणणारे.

जुनी_पेठ

ह्या विरोधाला मी बाईपणाचा तिरस्कार म्हणणार नाही. त्या बायका नोकरभरतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या आहेत. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाल्यावर 'लग्न झालंय का, प्लॅन काय' हे प्रश्न कुजबुजत का होईना वाढले, हे त्यांनी पाहिलंय. महिन्याला एक धरली तरी वर्षाला बारा रजा जास्त असलेली बाई आणि नसलेला पुरुष, मालक कुणाला घेईल?

पोटभाडेकरू

भीती खरी आहे, मान्य. पण 'आम्ही काढली ना' ह्यात भीती कुठे आहे? तिथे सासूचाच हिशेब दिसतो मला. मी सोसलं, त्यातून माझी किंमत ठरली, आता तू न सोसता आलीस तर माझ्या सोसण्याचं काय?

जुनी_पेठ

दोन्ही एकाच बाईत असू शकतं हो. मालकाची भीती खरी आणि धाकटीबद्दलचा आकसही खरा. एक आहे म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

घाटमाथा

एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. माझा पुतण्या दहा वर्षांचा, कथक शिकायचं म्हणतोय. वहिनीच नको म्हणते, दादा तयार आहे. तिचं म्हणणं, शाळेत पोरं जगू देणार नाहीत. काय सांगू?

संगीतखुर्ची

वहिनींना म्हणावं, कथकमध्ये पुरुष गुरूंची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, बिरजू महाराजांचं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि पोराला शेजारी बसवा. पण शाळेतला त्रास होणारच, तो नाकारू नका. क्लासला अजून एखादा मुलगा असेल असा बघा, एकटा असला की सोडून देतात.

ब्रदर_नागपूर

आणि पत्रिकेच्या कागदावर 'व्यायाम' लिहू नका म्हणजे झालं. 😀

मूकवाचक

@एचआर_काकू, मग तुमच्याकडे रजा लागू झाली की नाही?

एचआर_काकू

झाली. महिन्याला एक दिवस, कारण सांगायची गरज नाही, सिस्टीममध्ये वेगळा कोड आहे. तो कोड फारसं कुणी वापरत नाही. मुली सुट्टी घेतात, पण अर्जात 'ताप' लिहितात आणि स्वतःची आजारपणाची रजा खर्च करतात. मागच्या आठवड्यात एकीला मी बोलावून सांगितलं की अगं, तुझी ही रजा वाया जातेय. तर म्हणते, "मॅडम, माझा टीम लीड पुरुष असता तर टाकली असती. बाई आहे ना, तिला वाटेल मी नखरे करते."

घाटमाथा

वहिनीला धागा पाठवलाय. अजून उत्तर नाही.